कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (इ.स. १८५७ – इ.स. १९३८) हे भारतीय खगोलभौतिकीविद आणि पुणे येथील महाराज तख्तसिंहजी वेधशाळेचे संचालक होते. खस्थ ज्योतींच्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन त्यांची घडण ओळखण्याचे शास्त्र भारतात अगदी नवे असताना त्यांनी ते हाती घेतले. आधुनिक अर्थाने खगोलभौतिकीचे काम करणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये त्यांची गणना होते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या हिरव्या रेषेचे १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण आणि २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा जेऊर (जि. सोलापूर) येथून केलेला अभ्यास ही त्यांची दोन प्रमुख कामे होत.

या दोन्ही कामांच्या केंद्रस्थानी एकेक हिरवी रेषा होती. पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्यांमुळे त्या रेषा उमटतात, असे त्या काळातील बहुतेक शास्त्रज्ञ मानत. पुढे मात्र त्यांपैकी एक रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, तर दुसरी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची ठरली. अणूचा आयन होतो म्हणजे काय, हे समजल्याशिवाय नायगमवालांनी टिपलेल्या प्रकाशाचा अर्थ लागणे शक्य नव्हते, आणि ते समजायला आणखी काही दशके जावी लागली.

शिक्षण व अध्यापन

नायगमवाला यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. १८७८ साली ते भौतिकी व रसायन हे विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची एम.ए. परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यांना कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. १८८२ पासून ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रायोगिक भौतिकीचे अध्यापन करू लागले.

याच सुमारास भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयात वर्णपटविज्ञानाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी देणगी दिली आणि मुंबई सरकारने तीत भर घातली. उपकरणांच्या खरेदीसाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे त्यांची भेट नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञांशी झाली. भारताचे स्वच्छ आकाश आणि उष्ण कटिबंधातून दिसणारा खगोल पाहता, हा पैसा केवळ प्रयोगशाळेवर न खर्चता वर्णपटीय वेधशाळा उभारावी, असा सल्ला त्यांना मिळाला. या सल्ल्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ते गेले होते भौतिकीचे शिक्षक म्हणून. परतले ते वेधशाळेची योजना घेऊन.

पुण्याची वेधशाळा

१८८५ मध्ये नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (सध्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) आले. त्यामुळे नियोजित वेधशाळाही मुंबईऐवजी पुण्यात, महाविद्यालयाच्या आवारात उभी राहिली. १८८८ पर्यंत ती कामाला सज्ज झाली व देणगीदाराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील परावर्तक दुर्बीण होती. भावनगर दुर्बीण या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली ही २० इंची दुर्बीण त्या काळात देशातील सर्वांत मोठी होती. दुर्बिणीखेरीज वर्णपटदर्शकांचा चांगला संग्रह वेधशाळेत होता. तिचा सारा कारभार जवळजवळ एका माणसाच्या बळावर चालला, ही तिची मर्यादा होती आणि शेवटी तीच तिच्या अस्ताचे कारण ठरली.

वर्णपटविज्ञानाची त्या काळची स्थिती

प्रत्येक मूलद्रव्य तापवल्यावर ठरावीक रंगांच्याच रेषा देते, हे १८५९-६० मध्ये बुन्सेन आणि किरखोफ यांनी दाखवले होते. मिठाचा कण ज्योतीत टाकला की ज्योत पिवळी होते. वर्णपटदर्शकातून पाहिल्यास हा पिवळा रंग सोडियमच्या दोन जवळजवळच्या रेषांचा असल्याचे दिसते. या तत्त्वावर सूर्य व तारे कशाचे बनले आहेत, हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले.

काही रेषा मात्र कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हत्या. त्यांतील पहिली सूर्याच्या वर्णगोलात दिसणारी पिवळी रेषा. तिच्यावरून लॉकियर यांनी हेलियम या नव्या मूलद्रव्याचे अनुमान केले आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला. (या संदर्भात विजयदुर्गचे नाव नेहमी घेतले जाते, परंतु १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्ग किल्ल्यावर आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी.)

हेलियमच्या या यशामुळे इतर अनोळखी रेषांनाही नावे मिळाली. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना तेजोमेघांत दिसलेल्या हिरव्या रेषेचे श्रेय ‘नेब्युलियम’ला आणि १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात दिसलेल्या हिरव्या रेषेचे श्रेय ‘कोरोनियम’ला देण्यात आले. एक तर्क खरा ठरल्यावर तोच पुन्हा लावला जावा, हे त्या परिस्थितीत स्वाभाविकच होते. इलेक्ट्रॉनचा शोध लागलेला नव्हता. अणू अविभाज्य मानला जात असल्यामुळे, वेगळी रेषा म्हणजे वेगळे मूलद्रव्य यापलीकडे दुसरी शक्यता फारशी कोणाला सुचत नव्हती.

अपवाद खुद्द लॉकियर यांचा. प्रयोगशाळेत ज्योतीपेक्षा विद्युत ठिणगीत ठेवलेल्या धातूच्या काही रेषा अधिक तेजस्वी होतात, हे त्यांनी हेरले होते. तीव्र उष्णतेत मूलद्रव्ये अधिक साध्या घटकांत मोडतात, असे त्यांचे मत होते. या घटकांना ते आद्य-कॅल्शियम, आद्य-लोह अशा धर्तीची नावे देत. समकालीनांनी हे मत सहसा स्वीकारले नाही आणि त्यातील तपशीलही टिकले नाहीत. मात्र ज्याला ते आद्य-कॅल्शियम म्हणत, तो एक इलेक्ट्रॉन गमावलेला कॅल्शियमचा आयन होता. जे. जे. टॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनविषयीचा आपला निबंध लिहिताना लॉकियर यांच्या या विचाराची दखल घेतली होती.

मृगातील तेजोमेघाची रेषा

नायगमवालांचे सर्वाधिक महत्त्वाचे काम याच लॉकियर यांच्या एका सिद्धांताशी निगडित आहे. तारे, धूमकेतू आणि तेजोमेघ हे सर्व उल्कांच्या थव्यांपासून बनतात, असे लॉकियर यांनी मांडले होते. उल्कांत मॅग्नेशियम असते. जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात एक हिरवा पट्टा दिसतो व त्याची कडा तेजोमेघाच्या प्रमुख रेषेच्या अगदी जवळ, सुमारे ५०० नॅनोमीटर तरंगलांबीला येते. तेजोमेघातील हिरवी रेषा म्हणजे या पट्ट्याचाच उरलेला अंश, असा लॉकियर यांचा दावा होता. हगिन्स यांचा त्याला ठाम विरोध होता आणि १८९० च्या आसपास इंग्लंड-अमेरिकेतील वर्णपटतज्ज्ञांमध्ये हा वाद चांगलाच पेटला होता.

वादाचा निकाल लावण्याचा एक मार्ग रेषेचे रूप तपासणे हा होता. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूने धारदार असतो व दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो. वायूची रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असते. कमी क्षमतेच्या उपकरणातून दोहोंतील फरक कळत नाही; प्रकाश पुरेसा फाकवला तरच तो दिसतो. पण प्रकाश जितका फाकवावा तितका तो मंद होतो, आणि तेजोमेघ तर मुळातच अंधुक. त्यासाठी मोठी दुर्बीण, चांगला वर्णपटदर्शक आणि निरभ्र रात्री या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या. पुण्यात हिवाळ्यात मृग नक्षत्र आकाशात बरेच वर येते, इंग्लंडमध्ये ते क्षितिजाकडे झुकलेले राहते. हा भौगोलिक लाभही नायगमवालांच्या बाजूने होता.

त्यांनी तेजोमेघाची प्रमुख रेषा निरनिराळ्या परिस्थितीत तपासली. ती दोन्ही कडांनी रेखीव दिसली, विरणाऱ्या पट्ट्याचे कोणतेही चिन्ह तीत आढळले नाही. हा निष्कर्ष १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी केलेल्या तरंगलांबीच्या अचूक मोजमापांचा कौलही मॅग्नेशियमच्या विरोधात गेला. ज्या शास्त्रज्ञाच्या प्रोत्साहनातून पुण्याची वेधशाळा उभी राहिली, त्याच्याच सिद्धांताविरुद्ध तिचा पहिला ठळक पुरावा जावा, ही घटना वेधशाळेच्या स्वतंत्र बाण्याची निदर्शक म्हणता येईल. रेषा मॅग्नेशियमची नाही एवढे यामुळे निश्चित झाले. ती कशाची आहे हा प्रश्न मात्र तसाच उरला.

जेऊरचे ग्रहण

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गजवळ किनाऱ्यावर येऊन ईशान्येकडे सरकला. सोलापूर जिल्ह्याचा उत्तर भाग आणि त्या वेळी हैदराबाद संस्थानात असलेला मराठवाडा ओलांडून तो वऱ्हाडाकडे गेला. लातूरचा परिसर पट्ट्याच्या दक्षिणेला पडल्याने तेथे ग्रहण खंडग्रासच राहिले. पट्ट्यात पोचण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी मुख्यतः रेल्वेलगतची ठिकाणे निवडली. लॉकियर समुद्रमार्गे विजयदुर्गला उतरले, काही ब्रिटिश निरीक्षक पुलगाव व तळणी येथे गेले, तर करमाळा तालुक्यातील जेऊर या पुणे-सोलापूर लोहमार्गावरील लहानशा गावी लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल, एक जपानी पथक आणि पुण्याहून आलेले नायगमवाला असे तीन तळ पडले. मुंबई-पुणे परिसरात तेव्हा प्लेगची साथ होती. अशा काळात नाजूक उपकरणे खेड्यात नेऊन ती बसवणे व जुळवणे हे सोपे काम नव्हते.

खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. हवा स्वच्छ होती. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले की क्षणभर त्याच्या काठावरचा गुलाबी वर्णगोल तेवढा उघडा राहतो आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा एकदम उजळून उठतात. त्यानंतर मोत्यासारखा पांढरा किरीट दिसू लागतो. या दोन्ही थरांच्या वर्णपटाचा अभ्यास नायगमवालांनी केला. त्यांचा सविस्तर अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रहणाने किरीटाच्या हिरव्या रेषेबाबतची एक जुनी चूक दूर केली. १८६९ पासून तिची तरंगलांबी सुमारे ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती, कारण तेथे लोखंडाची एक परिचित रेषा आहे. १८९८ च्या छायाचित्रांवरून खरी जागा ५३०.३ नॅनोमीटर असल्याचे आढळले. लोखंडाच्या त्या रेषेशी तिचा संबंध नाही हे कळल्यावर कोरोनियमचे अस्तित्व अधिकच पक्के मानले जाऊ लागले. गंमत अशी की, रेषा शेवटी निघाली लोखंडाचीच.

वेधशाळेची अखेर

१८९९ मध्ये कोडाईकनाल येथे सरकारी सौर वेधशाळा सुरू झाली आणि सौर संशोधनाचे केंद्र दक्षिणेकडे गेले. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे काम पुढे नेण्याची कोणतीही व्यवस्था महाविद्यालयात नव्हती. निवृत्तीबरोबरच वेधशाळा बंद करण्यात आली आणि २० इंची दुर्बिणीसह तिची उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. पंचवीस वर्षांच्या आतच महाराष्ट्रातील ही संशोधन वेधशाळा नामशेष झाली. १९३८ मध्ये नायगमवाला यांचे निधन झाले.

नेब्युलियम व कोरोनियमचा उलगडा

नायगमवालांच्या निवृत्तीच्या सुमारासच अणूची रचना उलगडू लागली. धनभारित केंद्रकाभोवती जितके इलेक्ट्रॉन असतात तितकाच धनभार केंद्रकावर असतो, म्हणून अणू एकूण विद्युतदृष्ट्या उदासीन राहतो. मूलद्रव्य कोणते हे केंद्रकाच्या भारावरून ठरते. इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून नव्हे. त्यामुळे एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला तरी मूलद्रव्य बदलत नाही. फक्त अणूवर धनभार शिल्लक राहतो आणि त्याचा धन आयन होतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन येऊन मिळाला तर ऋण आयन होतो. १९१३ मध्ये हेन्री मोस्ली यांनी मूलद्रव्यांना केंद्रकभारानुसार क्रमांक दिले, तेव्हा नेब्युलियम किंवा कोरोनियम यांना बसवण्याजोगी जागा हलक्या मूलद्रव्यांत उरली नाही.

नेहमीच्या व्यवहारात हे आदानप्रदान दोन अणूंमध्ये होते. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८ व १ असे कवचांत मांडलेले असतात. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सैल असतो व तो काढण्यास सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ७ अशी असते; त्याच्या बाहेरच्या कवचात एक जागा रिकामी असते आणि ती भरताना सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. खर्च आणि परतावा यांतील तूट दोन विरुद्ध भारांच्या आयनांमधील आकर्षण भरून काढते, आणि मिठाचा स्फटिक तयार होतो. स्वयंपाकघरातील मिठात सोडियम व क्लोरीन आयनरूपातच असतात.

तारे व तेजोमेघ यांच्यात मात्र इलेक्ट्रॉन घेणारा जोडीदार शेजारी असावाच लागत नाही. जोरदार टकरीने किंवा अतिनील प्रकाशाने इलेक्ट्रॉन उखडला जातो आणि वायूत मोकळा भटकत राहतो. वायू विरळ असेल तर त्याची आयनाशी पुन्हा गाठ पडण्याची शक्यता कमी होते. तापमान, दाब आणि इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा यांवरून किती अणू आयनरूपात असतील हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. सूर्याच्या वर्णगोलात, ग्रहणात उजळणाऱ्या थराच्या बऱ्याच उंचीपर्यंत, कॅल्शियमच्या आयनाच्या रेषा ठळक का दिसतात, याची समाधानकारक मीमांसा प्रथमच झाली.

नेब्युलियमचा प्रश्न १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी सोडवला. मृगातील तेजोमेघाच्या मध्यभागी असलेल्या अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने ऑक्सिजनच्या आठ इलेक्ट्रॉनांपैकी दोन निघून जातात. पहिला काढण्यास १३.६ आणि दुसरा काढण्यास सुमारे ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, कारण धनभार वाढलेला अणू उरलेल्या इलेक्ट्रॉनांना अधिक घट्ट धरून ठेवतो. उरलेल्या सहा इलेक्ट्रॉनांची मांडणी कार्बनसारखी असते. हा आयन उत्तेजित झाल्यावर हिरवा प्रकाश सोडण्यापूर्वी सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ थांबतो. प्रयोगशाळेतील वायूत तेवढ्या वेळात त्याच्या असंख्य टकरी होऊन ऊर्जा निघून जाते आणि रेषा उमटतच नाही. तेजोमेघाच्या कमालीच्या विरळपणात मात्र ती उमटते. १८९१ मध्ये पुण्यातून रेखीव दिसलेली रेषा ती हीच.

कोरोनियमचा उलगडा होण्यास आणखी काही वर्षे लागली. १९३९ मध्ये जर्मनीतील वॉल्टर ग्रोट्रिअन यांनी किरीटाच्या इतर काही रेषा अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या असाव्यात असे सुचवले, आणि १९४१ च्या सुमारास स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी हिरव्या रेषेसह बहुतेक रेषांची ओळख पटवली. लोखंडाच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी तेरा गेले की उरलेल्या तेरांची मांडणी ॲल्युमिनियमसारखी होते आणि सर्वांत बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनामुळे ५३०.३ नॅनोमीटरची रेषा मिळते. यातील तेरावा इलेक्ट्रॉन काढण्यास साडेतीनशेहून अधिक इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. एवढ्या जोराच्या टकरी होण्यासाठी किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा. त्याच्या बाहेरचे विरळ आवरण त्याहून शेकडो पटींनी तप्त कसे, हा प्रश्न त्यानंतर सौरभौतिकीत महत्त्वाचा ठरला आणि त्याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही.

इलेक्ट्रॉन मिळवून होणाऱ्या आयनाचे स्थानही सूर्यात याच काळात ध्यानात आले. हायड्रोजनचा अणू एक जास्तीचा इलेक्ट्रॉन अगदी सैलपणे, सुमारे पाऊण इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने, धरून ठेवू शकतो. हा जादा इलेक्ट्रॉन सोडियम, मॅग्नेशियम, लोखंड यांसारख्या सहज आयनीभूत होणाऱ्या धातूंकडून येतो. सूर्याच्या पृष्ठभागाची अपारदर्शकता मुख्यतः या ऋण आयनामुळे आहे, असे रुपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये दाखवले. ग्रहणात चंद्र ज्याला झाकतो त्या तेजस्वी बिंबाचा प्रकाश बव्हंशी या इलेक्ट्रॉन मिळवलेल्या हायड्रोजनपासून येतो. आणि चंद्राआडून डोकावणारी किरीटाची हिरवी छटा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडापासून.